ठिणगीची वाट

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ते नेमक्या क्षणी पेटवण्यासाठी विजेची ठिणगी पाडावी लागते. हे पेटवण्याचे काम करणाऱ्या सगळ्या भागांना मिळून प्रज्वलन-यंत्रणा किंवा रूढ भाषेत इग्निशन म्हणतात. ठिणगी पडते तो प्लग आणि ठिणगीसाठी लागणारा प्रचंड विद्युत्दाब तयार होतो ती कॉइल, या दोहोंना जोडणारी रबरी आवरणाची जाड वायर गॅरेजमध्ये प्लग वायर किंवा लीड या नावाने ओळखली जाते. मोटारीच्या इतिहासग्रंथांत पिस्टन, कार्ब्युरेटर आणि गिअर यांच्यावर पानेच्या पाने खर्च होतात, पण या वायरीच्या वाट्याला क्वचित एखादे वाक्य येते, आणि हा अन्याय आहे असे म्हणावे लागते. वायरीची लांबी, तिची जाडी, आतला गाभा आणि बाहेरचे आवरण यांतली प्रत्येक गोष्ट त्या त्या काळच्या एखाद्या अडचणीवरचा तोडगा म्हणून ठरत गेली, त्यामुळे बॉनेट उघडून या वायरी कोठून निघतात आणि कोठे जातात एवढे पाहिले तरी गाडीचे इग्निशन कोणत्या पिढीतले आहे हे ओळखता येते. वायर बदलताना मेकॅनिक जे नियम पाळतो, त्यांचाही उगम बहुतांशी याच इतिहासात सापडतो.

विजेने वायू पेटवण्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. अठराव्या शतकात अलेस्सांद्रो व्होल्टाने बंद पात्रातला वायू ठिणगीने पेटवून दाखवला होता, आणि १८०७ मध्ये फ्रान्स्वा इझाक द रिव्हाझ याने हायड्रोजनवर चालणाऱ्या आपल्या इंजिनात हाच मार्ग अनुसरला. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युत्‌प्रवर्तनाचे तत्त्व शोधले. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, असे ते तत्त्व. दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे पहिल्याच्या शंभरपट ठेवले तर दाबही सुमारे शंभरपट वाढतो, हे लक्षात घेऊन आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन याने आणि पॅरिसमध्ये हाइनरिख रुमकोर्फ याने ज्या कॉइली बांधल्या, त्यांच्यामुळे साध्या बॅटरीतून लांब ठिणगी काढणे शक्य झाले. एत्येन लन्वार याने १८६० मध्ये आपल्या गॅस-इंजिनात रुमकोर्फची कॉइल वापरली. म्हणजे मोटार रस्त्यावर येण्याच्या पंचवीस वर्षे आधी कॉइल, वायर आणि प्लग हे त्रिकूट एकत्र आलेले होते. पण ते एका जागी स्थिर बसणाऱ्या, संथ चालणाऱ्या इंजिनासाठी होते, आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांत, तेलात व पावसात ते टिकेल याची खात्री कोणालाही नव्हती.

ही खात्री नसल्यामुळेच आरंभीच्या काही निर्मात्यांनी विजेला पूर्ण वगळले. गॉटलीब डाइमलरने इंजिनात तप्त नळीची पद्धत वापरली. एका टोकाला बंद असलेली धातूची नळी सिलिंडरमध्ये बसवून तिचे बाहेरचे टोक ज्योतीने सतत लाल ठेवायचे आणि दाबलेले मिश्रण नळीत शिरले की ते आपोआप पेटायचे, अशी ती सोपी युक्ती होती. तिच्यात प्रज्वलनाचा क्षण मागेपुढे करता येत नसे आणि पेट्रोलच्या टाकीजवळ उघडी ज्योत बाळगावी लागे. कार्ल बेंझने १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि कॉइल यांचाच आश्रय घेतला, पण त्या काळच्या बॅटऱ्या फार लवकर उतरत. काउंट द दिओं आणि जॉर्ज बुतों यांच्या इंजिनाने १८९५ च्या सुमारास मिनिटाला दीड हजार फेऱ्यांपर्यंत मजल मारली, आणि तिथे तप्त नळीचा काळ खऱ्या अर्थाने संपला, कारण इतक्या वेगात ठिणगीची वेळ यंत्रानेच ठरवावी लागते.

बॅटरीवर भरवसा नसेल तर इंजिनाच्याच फेऱ्यांतून वीज निर्माण करावी, हा विचार घेऊन श्टुटगार्टमध्ये १८८६ साली कारखाना काढणाऱ्या रॉबर्ट बॉशने पुढल्याच वर्षी एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे हलवून वीज काढणारे छोटे जनित्र. मोटारवाहनाला तो प्रथम बसला १८९७ मध्ये, द दिओं-बुतों यांच्या तीनचाकीवर. या जुन्या मॅग्नेटोचा दाब कमी असल्यामुळे ठिणगी उडी मारून अंतर ओलांडू शकत नसे. सिलिंडरच्या आत दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकवून झटक्याने वेगळे करावे लागत आणि ते वेगळे होताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडे. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरपर्यंत एक दांडी, एक तरफ आणि एक स्प्रिंग न्यावी लागे. सांधे झिजत, स्प्रिंगा ढिल्या पडत आणि वेळ चुकू लागे. बॉशच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये एकाच आर्मेचरवर दोन वेटोळी गुंडाळून उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, त्याबरोबर साजेसा प्लगही दिला, आणि हलणाऱ्या दांड्यांच्या त्या सगळ्या पसाऱ्याची जागा रबरात गुंडाळलेल्या एका वायरीने घेतली. उच्चदाब वायर मोटारीच्या इंजिनावर कायमची स्थिरावली ती या क्षणापासून, असे मानण्यास हरकत नाही. यंत्राचे काम विजेकडे सोपवण्याची जी दीर्घ प्रक्रिया पुढे शतकभर चालली, तिच्या अगदी आरंभीच्या पावलांपैकी हे एक होते.

या शोधाचे महत्त्व किती होते ते पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले. १९१४ पूर्वी ब्रिटनमधील मोटारींना आणि विमानांना लागणारे मॅग्नेटो जवळजवळ सगळेच्या सगळे श्टुटगार्टहून येत असत, त्यामुळे युद्ध सुरू होताच ब्रिटिश सैन्याची वाहने आणि विमाने एका मुठीएवढ्या यंत्राभावी अडून बसण्याची वेळ आली आणि तेथील कारखान्यांना ते घाईघाईने बनवायला शिकावे लागले.

अमेरिकेत मात्र गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. हेन्री फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच बसवलेला होता, परंतु तो कमी दाबाची वीज देई. ती ड्रायव्हरसमोरच्या लाकडी पेटीतल्या चार स्वतंत्र कॉइलींकडे टायमर नावाच्या फिरत्या संपर्काद्वारे आळीपाळीने पोचवली जाई, आणि प्रत्येक कॉइल आपल्या वाट्याच्या सिलिंडरसाठी ठिणग्यांची सरच सोडी. कॉइलींवरची पोलादी पट्टी थरथरून जो गुंजारव करी त्यावरून त्या चालू आहेत की नाहीत हे कळत असे. येथे वाटप कमी दाबाच्या बाजूला होते आणि सिलिंडरागणिक कॉइल होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे अनेक दशके ती कालबाह्य मानली गेली.

ती कालबाह्य ठरवली चार्ल्स केटरिंग याने. ओहायो राज्यातील डेटन येथे एडवर्ड डीड्स याच्या सहकार्याने १९०९ मध्ये त्याने जी प्रयोगशाळा-कंपनी स्थापन केली, तिच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून डेल्को हा शब्द तयार झाला, आणि स्पॅनिश भाषेत तर डिस्ट्रिब्यूटरला, म्हणजे प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाला, आजही डेल्को असेच म्हणतात. केटरिंगने कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी जी यंत्रणा दिली तिच्यात चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल होती. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या पहिल्या, जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो आणि त्याच्या मार्गात दोन संपर्कबिंदू असतात, ज्यांना गॅरेजमध्ये नुसते पॉइंट म्हणतात. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम ते उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधले चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो, जो तो झटका क्षणभर स्वतःत साठवून घेतो आणि पॉइंट जळण्यापासून वाचवतो. कॉइलमधून निघालेली एक जाड वायर डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या मधोमध येते, आत फिरणारा रोटर तिची वीज कडेच्या खुंट्यांपैकी एकेकीला देतो, आणि त्या खुंट्यांवरून प्लगांकडे जाणाऱ्या वायरी निघतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर सेकंदाला शंभर ठिणग्या या एकाच कॉइलमधून निघतात. हे ऐकून या साध्या रचनेबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

वायरींचा क्रम महत्त्वाचा ठरला तो या रचनेमुळे. इंजिनाचा तोल राहावा म्हणून सिलिंडर ओळीने पेटत नाहीत. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत ते एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटतात आणि त्याला फायरिंग ऑर्डर म्हणतात. झाकणावरच्या खुंट्या रोटरच्या दिशेने याच क्रमाने लागतात, पण इंजिनावरचे प्लग मात्र एक, दोन, तीन, चार असे शेजारीशेजारी बसलेले असतात, त्यामुळे वायरी एकमेकींना ओलांडून जातात आणि सगळ्या एकदम काढल्या तर कोणती कोठली हे समजेनासे होते. दोन वायरींची अदलाबदल झाली की ठिणगी भलत्या वेळी पडते आणि कार्ब्युरेटरमधून उलटा भडका येतो, नाही तर सायलेन्सरमध्ये बार उडतो. एक वायर काढायची, तिच्या लांबीची नवी निवडायची, ती बसवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा, हा जगभरच्या गॅरेजांतला नियम यातूनच आला.

वायरीच्या आवरणाचा प्रश्न स्वतंत्र आणि अधिक चिवट होता. फोर्डने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या मॉडेल ए गाडीत तो चमत्कारिक रीतीने टाळला: डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या माथ्यावर मधोमध असल्यामुळे तेथून प्लगांपर्यंत वायरीऐवजी धातूच्या उघड्या पट्ट्या लावलेल्या होत्या आणि निरोधकाचे काम भोवतालची हवाच करी. इतर सर्व गाड्यांना मात्र रबराची गरज होती. तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्याभोवती रबराचा जाड थर, त्यावर सुती धाग्याची वीण आणि लाखेचा लेप, अशी जुनी वायर असे. तारेत दाब चढला की तिच्याभोवतीच्या हवेत मंद निळसर विसर्ग होतो, अंधारात तो डोळ्यांना दिसूही शकतो, आणि त्या विसर्गात हवेतल्या ऑक्सिजनचे ओझोनमध्ये रूपांतर होते. ओझोन नैसर्गिक रबराचा शत्रू असल्याने त्याला बारीक भेगा पडतात. म्हणजे वायर जी वीज वाहून नेते तीच तिचे आवरण आतून-बाहेरून कुरतडत असते. त्यात एक्झॉस्टची उष्णता, तेलाचे शिंतोडे आणि हादरे यांची भर पडली की भेगेतून वीज इंजिनाच्या धातूवर उतरते, तो सिलिंडर पेटत नाही आणि इंजिनाच्या एकसारख्या आवाजात खंड पडतो. मराठी गॅरेजांत या लक्षणाला ‘मिसिंग’ असा सुटसुटीत शब्द आहे.

गाभ्यात झालेला बदल मात्र इंजिनासाठी झालाच नाही. तो शेजाऱ्यांसाठी झाला. प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा रेडिओ-प्रक्षेपकच असतो आणि तांब्याची वायर त्याच्या अँटेनाचे काम करते. १९३० नंतर मोटारीत रेडिओ बसू लागले तेव्हा ड्रायव्हरला गाण्याऐवजी आपल्याच इंजिनाचा कडकडाट ऐकू येऊ लागला, म्हणून वायरींत दहा हजार ओहमच्या आसपासचे रोधक घालण्यात आले. दूरचित्रवाणी आल्यावर तक्रार घराघरांत पोचली. रस्त्यावरून एखादी मोटार गेली की पडद्यावर पांढरे ठिपके नाचत, आणि ब्रिटनमध्ये १९५२ साली मोटारीच्या इग्निशनमुळे होणारा हा व्यत्यय आटोक्यात ठेवण्यासाठी नियमच करावे लागले. अमेरिकेत १९५३ ची शेव्हर्ले कॉर्व्हेट फायबरग्लासच्या अंगाची निघाली आणि पत्र्याचे नैसर्गिक कवच नाहीसे झाल्यामुळे तिच्या इग्निशनवर धातूची वेगळी आवरणे चढवावी लागली. या सगळ्यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे तांब्याचा गाभा काढून टाकून त्या जागी कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा घालणे. असा गाभा मुद्दाम प्रवाहाला अडवतो, त्यामुळे ठिणगी तेवढीच पडते पण तिचा गोंगाट विरतो.

या गाभ्याने दुरुस्तीची रीत बदलली. तांब्याची वायर ओढली तरी तुटत नसे. कार्बनचा धागा मात्र ओढताच आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुटलेल्या जागी ठिणगी उडत राहते, ती जागा हळूहळू जळत जाते, आणि काही महिन्यांनी मिसिंग सुरू झाले की प्लगालाच दोष दिला जातो. म्हणून वायर कधीही दोरीसारखी ओढायची नाही. प्लगावरची रबरी टोपी धरायची, अर्धा वळसा डावी-उजवीकडे देऊन चिकटलेले रबर मोकळे करायचे आणि मग टोपीलाच धरून काढायची, हा नियम कार्बनच्या गाभ्याबरोबर जन्मला. अशा वायरीची परीक्षाही सोपी आहे. मल्टिमीटरची दोन टोके तिच्या दोन टोकांना लावली की लांबीच्या मानाने काही हजार ओहम रोध दिसला पाहिजे. काटा हललाच नाही तर आत धागा तुटलेला आहे, आणि एकीचा रोध इतरांच्या कितीतरी पट असेल तर ती त्याच वाटेवर आहे. नव्या वायरीची टोपी बसवताना आतली क्लिप प्लगाच्या माथ्यावर टक्‌ आवाज करून अडकली पाहिजे, कारण अर्धवट बसलेली टोपी हवेतच ठिणगी पाडत राहते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध आला तो मुख्यतः मुंबईतल्या कुर्ल्याच्या मोटार कारखान्यामुळे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी केली, नंतर इटलीच्या फियाटशी करार केला, आणि फियाट अकराशेची जी परंपरा तेथे सुरू झाली ती पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने शतक संपेपर्यंत चालली. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन केटरिंगच्या रचनेचा शुद्ध नमुना होते: एक कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर पोटात घेतलेला एक डिस्ट्रिब्यूटर, आणि पाच वायरी, त्यांपैकी चार प्लगांच्या आणि एक कॉइलची. देशी कारखानेही याच सुमारास उभे राहत होते. बंगळूरच्या मायको कंपनीचे प्लग आणि १९६१ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसचे विद्युत् भाग यांनी आयातीवरचे अवलंबन कमी केले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे दीर्घकाळ पद्मिनीच असल्यामुळे शहरातल्या मेकॅनिकांच्या दोन-तीन पिढ्यांनी इग्निशन शिकले ते याच इंजिनावर. फिलर गेजच्या पातळ पात्याने पॉइंटमधले अंतर मोजणे, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासणे, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून कानाने टायमिंग लावणे, ही कौशल्ये कोणत्याही पुस्तकातून न येता एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि त्यांचा लेखी इतिहास कोणी लिहून ठेवला नाही याची हळहळ वाटते.

मुंबईचा पावसाळा या वायरींची खरी कसोटी पाही. पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून जाताना रेडिएटरचा पंखा पाणी उडवी, ते डिस्ट्रिब्यूटरवर आणि वायरींवर पडे, आणि जुन्या रबराच्या भेगांत ओल शिरली की ठिणगी प्लगापर्यंत पोचण्याआधीच ओलाव्याच्या वाटेने निसटे. गाडी बंद पडली की ड्रायव्हर बॉनेट उघडून झाकण काढी, ते आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसून काढी आणि पुन्हा सेल्फ मारी. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागे. नव्या शतकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा या जुन्या यंत्रणेवर आणखी भार पडला, कारण दाबलेल्या नैसर्गिक वायूत ठिणगी पाडण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो आणि जी भेग पेट्रोलवर खपून जाई ती गॅसवर उघडी पडते. प्लगाची फट थोडी कमी ठेवणे आणि वायरी अधिक वेळा बदलणे हे त्यावरचे उपाय होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि पॉइंटच्या युगाचा मुंबईच्या रस्त्यावरचा सार्वजनिक अंश संपला.

याच केटरिंग-घराण्यातली, पण घाटणीने लहान अशी गाडी म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला तीनच सिलिंडर असल्याने एक, तीन, दोन हा क्रम पाठ करणे सोपे होते. मात्र एक वायर गेली की एक तृतीयांश ताकद जाई आणि गाडी अक्षरशः लंगडू लागे.

पॉइंट हा भाग झिजणारा असल्यामुळे तो काढून टाकण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून चालू होते. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या मोटारींत पॉइंटरहित इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले आणि जनरल मोटर्सने दोन वर्षांत तोच मार्ग धरला. डिस्ट्रिब्यूटर बाहेरून तसाच दिसे, पण आत कॅम व पॉइंट यांच्या जागी चुंबकीय संवेदक आला आणि प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करू लागला. ट्रान्झिस्टरला झीज नसल्याने कॉइलमधून अधिक प्रवाह सोडता आला, दाब पस्तीस हजार व्होल्टपर्यंत चढला, आणि त्याला पेलण्यासाठी वायर सात मिलिमीटरची आठ मिलिमीटर झाली. रबराची जागा ओझोन व उष्णता दोन्ही सोसणाऱ्या सिलिकोनने घेतली. हात लावून वायर तपासण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय इथे धोक्याची ठरली, कारण पॉइंटच्या काळात जो झटका हात झिणझिणवून सोडी तो आता इजा करू शकतो. दाब वाढल्यामुळे वायरींची मांडणीही नव्याने शिकावी लागली. शेव्हर्लेच्या आठ सिलिंडरी इंजिनात पाचवा आणि सातवा हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना बिलगून समांतर नेल्या तर पाचव्याची वीज फॅरेडेच्याच तत्त्वाने सातव्याच्या वायरीत दाब उठवते आणि तो सिलिंडर वेळेआधी पेटू शकतो. वायरींना दूरदूर धरून ठेवणारे प्लास्टिकचे खाचदार धारक शोभेसाठी नसतात. वायर बदलल्यावर ते परत न लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

यापुढचा टप्पा डिस्ट्रिब्यूटरच काढून टाकण्याचा होता आणि त्याचे बीज फार आधी पेरलेले होते. सित्रोएनच्या १९४८ च्या दोन सिलिंडरी टू-सीव्ही गाडीत एकाच कॉइलच्या दोन टोकांना दोन वायरी जोडलेल्या होत्या आणि दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी टाकत. एक कामाची, दुसरी धूर बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरमध्ये वाया जाणारी. १९८० च्या दशकात इंजिनावर संगणक आले तेव्हा हीच वाया ठिणगीची पद्धत चार आणि सहा सिलिंडरांना लागू झाली. बॉनेट उघडल्यावर डिस्ट्रिब्यूटर नसेल पण जितके सिलिंडर तितक्या खुंट्या असलेला कॉइलींचा ठोकळा दिसला आणि त्यातून थेट प्लगांकडे वायरी गेलेल्या असतील, तर ती गाडी या पिढीतली समजावी. येथे क्रमाची जबाबदारी फिरत्या रोटरकडून संगणकाकडे गेलेली असते, तरी ठोकळ्यावर कोरलेले आकडे पाहूनच वायर लावावी लागते. अशा गाडीला जुन्या धर्तीची तांब्याची वायर लावणे हा मोठा घोटाळा ठरतो, कारण जो गोंगाट पूर्वी शेजाऱ्याचा रेडिओ बिघडवत होता तोच आता इंजिनाच्या संगणकाला मिळणारे संकेत गढूळ करतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचे वरचे झाकण उचलले की प्रत्येक प्लगावर एक छोटी कॉइल उभी दिसते आणि तिला कमी दाबाच्या दोन-चार बारीक तारांचे कनेक्टर जोडलेला असतो; लांब, जाड वायरी कोठेच नसतात. सिलिंडरागणिक कॉइल आणि कमी दाबाच्या बाजूला वाटप, ही तर मॉडेल टी च्या लाकडी पेटीतलीच व्यवस्था. फरक एवढाच की थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला आणि कॉइल पेटीतून उठून थेट प्लगावर जाऊन बसली. तरीही वायर पूर्णपणे नाहीशी झाली असे म्हणता येत नाही, कारण कॉइलच्या खालच्या टोकापासून प्लगाच्या माथ्यापर्यंतचे वीतभर अंतर रबरी नळीत बसवलेली एक स्प्रिंग पार करते, आणि त्या नळीला जुन्या वायरीचे सगळे आजार होतात. उष्णतेने ती कडक होते, व्हॉल्व्ह-कव्हरच्या सीलमधून झिरपलेले तेल प्लगाच्या विहिरीत साचले की फुगते आणि चिरते, मग वीज आतून न जाता कडेने सिलिंडर-हेडवर उतरते. असा प्लग काढून पाहिला तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर एक बारीक, काळी, उभी रेघ उमटलेली दिसते. तेव्हा नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण नळीच्या आतल्या अंगालाही तिची जोडीदार रेघ उमटलेली असते, आणि प्लग कोरा बसवला तरी ठिणगी तीच जुनी वाट धरते.